पाण्याचे राखणदार

चेन्नई शहराच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे खाडी होऊन समुद्रास मिळते, तेथे एन्नोर नावाचे गाव आहे. कंपनी सरकारच्या काळी मद्रासची युरोपियन मंडळी हवापालटासाठी येथे येत असत. आज त्याच किनाऱ्यावर कामराजर बंदर आहे, औष्णिक वीज केंद्रे आहेत, खतांचा कारखाना आहे; आणि थोडे उत्तरेकडे कट्टुपल्ली येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प आहे. मिंजूर प्रकल्प या नावाने ओळखला जाणारा हा कारखाना २०१० साली सुरू झाला. दररोज दहा कोटी लिटर गोडे पाणी देण्याची त्याची योजना आहे. या सर्वांच्या मधोमध, जुन्या काळापासून मासेमारीवर जगणाऱ्या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तमिळ भाषेत अशा वस्तीला ‘कुप्पम’ म्हणतात.

२६ डिसेंबर २०२३ च्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, पेरियकुप्पम आणि चिन्नकुप्पम या वस्त्यांतील माणसे उग्र वासाने जागी झाली. डोळ्यांची आग होऊ लागली, घसा आवळला, आणि मुलाबाळांना कडेवर घेऊन लोक अंधारात रस्त्यावर आले. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. जहाजातून आलेला अमोनिया किनाऱ्यावरील खत कारखान्यापर्यंत आणणारा जो नळ समुद्राखालून गेला आहे, त्यातून तो वायू बाहेर पडला होता. जहाजातील माल उतरवून घेण्यापूर्वी तो नळ थंड करून घेण्याचे काम त्या वेळी चालू होते. त्याच महिन्याच्या आरंभी मिचौंग नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले होते. पुढे नेमलेल्या तांत्रिक समितीने, वादळामुळे नळाभोवतीचे दगड हलून नळास इजा पोहोचली असावी, असा संभव वर्तविला. म्हणजे काही काळ स्वस्थ असलेले एक साधन पुन्हा कामास लावले जात असता ही घटना घडली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढील सर्व विवेचनाचा धागा तीच आहे.

या घटनेच्या अडीच महिने आधी, १० ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी, पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या कासारवाडी येथील जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. सकाळच्या वेळेस पोहावयास आलेले लोक आणि तेथील कर्मचारी यांना खोकल्याची उबळ आली, श्वास घेणे कठीण झाले, आणि सुमारे वीस जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. एन्नोरचा नळ मैलोगणती पसरलेल्या उद्योगाचा भाग होता. कासारवाडीचा तलाव म्हणजे शहरातील मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत डुंबावे अशी जागा. दोहोंच्या आकारात जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच होता. जो पदार्थ माणसाच्या उपयोगासाठी आणला, तो आपल्या जागी राहावा याची राखण कोणी आणि कशी करावयाची? मोठ्या कारखान्यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पोहण्याच्या तलावाच्या यंत्रघरात मात्र फारसे कोणी डोकावत नाही. म्हणून येथे त्याचाच विचार करणे उचित होईल.

महाराष्ट्रातील मागील पिढ्या विहिरीत पोहावयास शिकल्या. पाठीला सुका भोपळा बांधावयाचा आणि काकाने किंवा मोठ्या भावाने वरून ढकलून द्यावयाचे, हीच शिकवणी. विहिरीला झरे असत. उपसलेले पाणी पुन्हा भरे. गढूळ झालेच तर लोक तुरटी फिरवीत किंवा निवळीचे बी उगाळून टाकीत. शहरातील तलावाला झरा नाही. एकदा भरलेले पाणी महिनेच्या महिने तेच असते आणि त्यात दररोज शेकडो माणसे उतरतात. त्यांच्या अंगाचा घाम, तेल, केस, थुंकी आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू हे सारे त्या पाण्यात जाते. ते पाणी निर्मळ राहते ते केवळ यंत्रामुळे. यंत्र हाच तलावाचा झरा होय.

या यंत्राची रचना समजावयास कठीण नाही. काठावरील पन्हळीतून आणि तळाच्या जाळीतून पाणी बाहेर येते. केस, पाने वगैरे अडविणाऱ्या टोपलीतून ते पंपात जाते. त्यात किंचित तुरटी सोडली की बारीक मळ एकत्र येऊन त्याचे कण मोठे होतात, आणि मग वाळूच्या बंद टाकीतून जाताना ते वाळूत अडकून राहतात. गाळलेल्या पाण्यात जंतुनाशक मिसळून ते पुन्हा तलावात सोडले जाते. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा तलावात साडेचार लाख लिटर पाणी मावते. हे सारे पाणी सहा तासांत एकदा फिरवावयाचे तर ताशी पंचाहत्तर हजार लिटर पाणी गाळणीतून गेले पाहिजे. गाळणीच्या आधी आणि नंतर असे दोन दाबमापक लावलेले असतात. त्यांतील फरक वाढू लागला की वाळू मळाने भरली असे समजून पाण्याचा प्रवाह उलटा फिरवावा आणि ती धुऊन काढावी. हे काम वेळेवर न झाले तर पाणी गढूळ होते, आणि गढूळ पाणी हे नुसते अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही. अशा दिवशी तलाव बंद ठेवणे हाच एक मार्ग असतो.

जंतुनाशक म्हणून बहुतेक ठिकाणी क्लोरीनचा उपयोग होतो, मग तो वायुरूपाने असो वा विरंजक चूर्णाच्या किंवा द्रावणाच्या रूपाने असो. या मूलद्रव्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७४ साली ते प्रथम वेगळे केले. १८१० साली हम्फ्री डेव्ही याने त्याच्या फिकट हिरव्या रंगावरून त्याला आजचे नाव दिले. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीनयुक्त चूर्ण नित्य मिसळावयास सुरुवात झाली, आणि तेथून पटकी व विषमज्वर यांच्या विरुद्ध माणसाला मोठे साधन मिळाले. पुढे सातच वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जममधील ईप्र येथे हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडण्यात आला. पदार्थ तोच, फरक प्रमाणाचा आणि स्थानाचा.

हे प्रमाण किती सूक्ष्म असते हे पाहण्यासारखे आहे. तलावाच्या पाण्यात दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन पुरेसे असते. वर सांगितलेल्या साडेचार लाख लिटर पाण्यात दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने अवघे नऊशे ग्रॅम क्लोरीन असते. आणि यंत्रघरात उभ्या असलेल्या एका नळकांड्यात शंभर किलो क्लोरीन द्रवरूपाने, दाबाखाली कोंडलेले असते. त्याचा वायू झाला तर एक लहानशी खोली त्याने गच्च भरेल. आणि हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे दहा भाग झाले तरी त्या हवेत राहणे जिवावर बेतू शकते. हा वायू हवेच्या अडीचपट जड असल्याने तो वर उडून जात नाही, जमिनीसरसा पसरतो आणि खोलगट जागी साचतो. पोहणाऱ्याचे नाक पाण्याच्या वर वीतभरसुद्धा नसते. तेव्हा यंत्रघरातून सुटलेला वायू प्रथम कोणास गाठील, हे वेगळे सांगावयास नको.

या एका गुणधर्मावरून यंत्रघराचे पुष्कळसे नियम आपोआप निघतात. क्लोरीनची खोली तळघरात नसावी. हवा बाहेर काढणारा पंखा छताशी न लावता जमिनीलगत असावा, आणि त्याचे बटन दाराबाहेर असावे, म्हणजे आत पाऊल टाकण्यापूर्वी तो काही वेळ चालविता येतो. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. श्वसनाचा मुखवटा खोलीच्या बाहेर टांगावा. तो आत ठेवला असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी त्याच्यापर्यंत जाता येणार नाही. नळकांडी उन्हात ठेवू नयेत, कारण त्यांच्या तोंडाशी असलेली सुरक्षेची गुडदी सत्तर अंशांच्या आसपास उष्णतेने वितळते. ती साखळीने भिंतीशी बांधलेली असावीत. नळकांडे बदलताना सांध्यातील शिशाची चकती प्रत्येक वेळी नवी घालावी. जुनी चकती पुन्हा वापरून वाचणारे पैसे फार महाग पडतात. आणि हे काम एकट्याने कधीही करू नये.

गळती शोधण्याची जुनी रीत मोठी सोपी आहे. अमोनियाच्या द्रावणात भिजविलेला बोळा काडीला बांधून सांध्याजवळ नेला असता, सूक्ष्म गळती असली तरी पांढरा धूर दिसतो. दोन अदृश्य वायू एकत्र येऊन नवसागर होतो, तोच हा धूर. एन्नोरच्या वस्तीला ज्या अमोनियाने रात्री घराबाहेर काढले, त्याचाच एक थेंब येथे पहारेकऱ्याचे काम करतो. गळती सापडली तर नळकांड्यावर पाणी मारण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते करू नये. ओला क्लोरीन लोखंड झपाट्याने खातो आणि छिद्र मोठे होते. नळकांडे फिरविणे शक्य असेल तर गळतीची जागा वरच्या बाजूस आणावी, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो आणि गळतीचा जोर पुष्कळ कमी होतो. मात्र हे काम शिकलेल्या आणि पुरता मुखवटा घातलेल्या माणसांचे आहे. इतरांनी वाऱ्याच्या उलट दिशेस आणि उंच जागेकडे जावे.

वायूची नळकांडी धोक्याची म्हणून अनेक तलावांवर आता द्रावण किंवा चूर्ण वापरतात. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. क्लोरीनची जंतू मारण्याची शक्ती पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असते. आम्लता मोजण्याच्या ‘सामू’ या मापाने पाणी साडेसातच्या आसपास असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग प्रभावी रूपात असतो. सामू आठवर गेला की हा भाग चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून पाण्यात अधूनमधून आम्ल सोडावे लागते. अशा रीतीने एकाच खोलीत क्लोरीनचे द्रावण आणि आम्ल असे दोन पदार्थ येऊन बसतात, आणि ते एकमेकांत मिसळले की तत्क्षणी क्लोरीन वायू निघतो. दोहोंची पिंपे वेगळी, मापे वेगळी, शक्य तर खोल्याही वेगळ्या असाव्यात. एकाचे रिकामे पिंप दुसऱ्यासाठी वापरू नये. चूर्ण नेहमी पाण्यात घालावे. चूर्णावर पाणी ओतू नये. एका जातीचे क्लोरीनचूर्ण दुसऱ्या जातीत मिसळू नये, कारण काही जोड्या पेट घेतात. हा नियम तलावापुरताच नाही. घरोघरी न्हाणीघर धुताना विरंजक चूर्णावर आम्ल ओतले जाते, आणि दार बंद करून काम करणाऱ्या गृहिणीला किंवा मोलकरणीला गुदमरावयास होते. दोन औषधे मिसळली म्हणजे दुप्पट स्वच्छता होत नसते.

आता त्या धाग्याकडे वळले पाहिजे, जो एन्नोरच्या नळापाशी हाती आला होता. तलावाचा पंप चालू असतो तोवर क्लोरीनचे द्रावण आणि आम्ल लाखो लिटर पाण्यात विरून जातात. परंतु वीज जाते किंवा गाळणी धुण्यासाठी पंप बंद करतात, आणि ही दोन द्रव्ये सोडणारे छोटे पंप मात्र चालूच राहतात. मग वाहत्या पाण्याऐवजी नळातील थोड्याशा साचलेल्या पाण्यात आम्ल आणि क्लोरीन एकत्र येतात. बाहेरून सर्व शांत असते. काही वेळाने मोठा पंप सुरू होतो आणि नळात तयार झालेला वायू एकदम तलावात, पोहणाऱ्या मुलांमध्ये उसळतो. परदेशांतील तलावांवर अशा घटना वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. उपाय साधा आहे. मोठा पंप थांबला की छोटे पंप आपोआप थांबावेत अशी विजेची जोडणी करावी, प्रवाह आहे की नाही हे ओळखणारी कळ नळात बसवावी, आणि बंद पडलेला पंप पुन्हा सुरू करण्यापूर्वी तलावातील सर्वांना बाहेर काढावे.

थांबलेले यंत्र पुन्हा चालू करण्याची घटका ही अशी असते. विशाखापट्टणम् येथे ७ मे २०२० रोजी पहाटे एका कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटून बारा माणसे दगावली. टाळेबंदीत बंद असलेला तो कारखाना पुन्हा सुरू करण्याची तयारी त्या वेळी चालू होती. वापराविना पडून राहणे हाही याच दोषाचा एक प्रकार आहे. मुंबईत शिवडीजवळ हाजी बंदर येथे १४ जुलै २०१० रोजी क्लोरीन सुटून शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. तो वायू वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या नळकांड्यांतला होता. चालणाऱ्या यंत्राकडे माणसाचे लक्ष असते. थांबलेल्या यंत्राकडे कोणी पाहत नाही, पण गंज चढावयाचा थांबत नाही, दाबही उतरत नाही. समुद्रकाठी, जेथे खारा वारा लोखंडाला रात्रंदिवस खातो, तेथे तर हे दुप्पट खरे आहे. म्हणून पावसाळ्याच्या किंवा डागडुजीच्या सुटीनंतर तलाव उघडावयाचा असेल तेव्हा उद्घाटनाची तारीख आधी ठरवून तपासणी तिच्यात बसविणे हा उलटा क्रम होय. प्रत्येक झडप, प्रत्येक सांधा, प्रत्येक कळ पाहून झाल्यावरच तारीख ठरावी.

यंत्रघरातील इतर धोकेही थोडक्यात सांगितले पाहिजेत. वाळूच्या टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी आतील दाब पूर्ण उतरवावा. नाहीतर ते झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. पंपाला हात लावण्यापूर्वी वीज तोडून, कळीला कुलूप घालून, किल्ली आपल्या खिशात ठेवावी. जमिनीखालील पाण्याच्या टाकीत हवा खेळविल्याशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय कोणी उतरू नये. बेशुद्ध पडलेल्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेच पडतो, हा दुःखद अनुभव सर्वत्रचा आहे. तळाच्या तोंडावरील जाळी निखळली असेल तर तलाव त्याच क्षणी बंद करावा, कारण पंपाची ओढ लहान मुलाला तळाशी धरून ठेवू शकते.

हे सारे नियम नवे नाहीत. छापलेले आहेत, पुष्कळ ठिकाणी भिंतीवर टांगलेलेही आहेत. उणीव दुसरीकडे असते. तलाव बांधताना लाखोंचा खर्च होतो, फरशी चकचकीत असते, कोनशिला बसते. आणि त्या पाण्याची राखण ज्याच्या हाती, तो माणूस बहुधा ठेक्यावरचा, दरमहा बदलणारा, ‘पंपवाला’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा असतो. त्याला मुखवटा दिलेला असतो, पण तो चेहऱ्यावर कसा बसवावा हे शिकविलेले नसते. त्याच्यापुढे एक नोंदवही असते. तिच्यात दिवसातून तीनदा क्लोरीन आणि सामू लिहावयाचे असतात. कडक उन्हात तलावातील क्लोरीन तासाभरात निम्म्यावर येऊ शकते, म्हणून या नोंदी प्रत्यक्ष मोजूनच व्हावयास हव्यात. परंतु महिनाभर प्रत्येक रकान्यात तोच आकडा, त्याच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेला आढळला, तरी वरिष्ठांची सही खाली पडते. अशी वही कोऱ्या वहीपेक्षा वाईट. कोरी वही निदान काम झाले नाही एवढे तरी सांगते.

तेव्हा तलाव चालविणाऱ्या संस्थेने करावयाची पहिली गोष्ट यंत्राची नसून माणसाची आहे. यंत्रघरातील माणूस शिकलेला असावा, कायम असावा, आणि पाणी गढूळ दिसले, वास आला किंवा दाब वाढला तर कोणास न विचारता तलाव रिकामा करण्याचा अधिकार त्याला असावा. रांगेत उभे असलेले शंभर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील, कोणी ओळखीच्या साहेबाला दूरध्वनी करील, तरी त्याच्या शब्दापुढे कोणी जाऊ नये. वर्षातून दोनदा तरी गळती झाली असे समजून सराव व्हावा; घंटा कोणी वाजवावयाची, मुलांना कोणत्या दाराने न्यावयाचे, वारा कोणत्या दिशेचा आहे हे कोणी पाहावयाचे, हे सारे ठरलेले असावे. आसपासच्या वस्तीलाही ती घंटा ओळखता यावी. एन्नोरच्या कुप्पममधील लोकांना त्या रात्री जाग आली ती आपल्याच घशाच्या जळजळीने. माणसाचा घसा हे धोका दाखविणारे शेवटचे साधन असले पाहिजे, पहिले नव्हे.

आणि तलावावर जाणाऱ्या नागरिकानेही थोडे डोळे उघडे ठेवावेत. पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुवावे. न धुतलेल्या अंगाचा मळ क्लोरीनशी संयोग पावतो, आणि डोळे चुरचुरविणारा जो वास क्लोरीनचा म्हणून समजला जातो, तो पुष्कळदा या संयोगाचाच असतो. खोल बाजूचा तळ दिसतो का ते पाहावे. नोंदवही पाहावयास मागावी. आणि एखाद्या दिवशी तलावाच्या दारावर ‘आज बंद’ अशी पाटी आढळली, तर चिडून परत फिरण्यापूर्वी एवढे मनात आणावे की, आत कोणीतरी आपले काम नीट केले आहे.